हाती पैसा आला, ड्राफ्टची घाई सरली
अमेरिकेत शाळा संपून तीन वर्षं झाली की फुटबॉलपटू एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांकडून होणाऱ्या खेळाडू-निवडीत, उतरू शकतो. पूर्वी अनेक मुलं घरच्या ओढाताणीपायी कॉलेज अर्धवट सोडून उतरत. जुलै २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येऊ लागलं. जुलै २०२५पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ लागली. कॉलेजची मुदत संपण्याआधी ड्राफ्टमध्ये उतरणारे २०२१मध्ये शंभरावर होते, २०२४मध्ये साठाच्या आत आले. कोविडमुळे कॉलेजात खेळायला मिळालेलं जादा वर्षही या घटीला कारण होतं. पहिल्या फेरीत निवड पक्की असलेले सहसा थांबत नाहीत. सातव्या, शेवटच्या फेरीत मात्र हमीची रक्कम जेमतेम. तिथं निवड होईल असं दिसणारा खेळाडू आता अनेकदा कॉलेजातच थांबून खेळ घोटवतो. संघांना त्यामुळे वयानं थोडे मोठे, पण मुरलेले खेळाडू मिळतात. मैदानावर घाम गाळणाऱ्यांना मोबदला मिळाला, हे न्याय्यच झालं.