नानकटाईतली ‘कटाई’ आली कुठून?

दिवाळीच्या तोंडावर रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत नानकटाई भाजून घ्यायला गर्दी होते. भट्टीतून ट्रे निघेपर्यंत या नावाचे अर्थ हमखास निघतात. कुणी म्हणतं खटाई म्हणजे आंबटपणा, कुणी कापण्याशी नातं जोडतं. दोन्ही चूक. शब्द फारसी आहे आणि फारसीत मुळी ‘ट’ हा उच्चारच नाही. मूळ रूप ‘नान-खताई’. त्यातला ‘ट’ आपल्याकडचा. मराठीत पुढे ‘ख’चाही ‘क’ झाला.

नान म्हणजे फक्त तंदुरी नान नव्हे. फारसीत कुठल्याही रोटी-पावाला नान म्हणतात. इराणचा तो इराणी, तसा खताचा तो खताई. खता किंवा खिताई हे उत्तर चीनचं जुनं नाव. तिथे ९०७ ते ११२५ या काळात लियाओ घराण्याची सत्ता गाजवणाऱ्या खितान लोकांवरून ते पडलं. रशियन भाषेत चीनला आजही ‘किताय’ म्हणतात. मार्को पोलोचं ‘कॅथे’ तेच, आणि हाँगकाँगच्या ‘कॅथे पॅसिफिक’ विमान कंपनीच्या नावातलंही तेच. म्हणून नानकटाई चीनमधून आली असं मात्र सिद्ध होत नाही. नाव एवढंच सांगतं की फारसी बोलणाऱ्यांनी तिला ‘चिनी’ म्हटलं.

नानकटाईबद्दल सुरतेत डच बेकरी आणि तिथल्या पारशी कारागिराची गोष्ट सांगतात. ती पदार्थाच्या प्रसिद्धीबद्दल असेल. नावाचा उलगडा तिच्यातून होत नाही.

सगळ्यात रुबाबदार गैरसमज छापील आहे. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशाच्या १९०३च्या आवृत्तीत सुरतेचे कलेक्टर वीअर यांचं मत दिलं आहे: नान फारसी आणि ‘खट’ मराठी, म्हणजे सहा! गव्हाचं पीठ, अंडी, साखर, लोणी किंवा तूप, ताडीचं वा धान्याचं आंबवण आणि बदाम असे सहा जिन्नसही त्यांनी मोजून दिले. साहेबांना मराठीतला ‘सहा’ कुणी सांगितलेला दिसत नाही, ‘षट्’ संस्कृतातला. शिवाय शेवटच्या ‘आई’चं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. यादी मात्र कामाची आहे: त्यातली अंडी आणि ताडी आता बहुतेक ठिकाणी गेली, सोडा किंवा बेकिंग पावडर आली, आणि बदामाचा एखादा काप वर चिकटला तर चिकटला.