दहा वर्षांचे कर्ज, चार वर्षांची सत्ता

गेल्या डिसेंबरात घरातल्या एका निकाहसाठी आम्ही लातूरहून नांदेडला गेलो होतो. वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले, मंडपवाल्याने खुर्च्या उचलल्या आणि देगलूर नाक्यावरच्या आमच्या थोरल्या आपाच्या घरी फक्त घरची माणसे उरली. त्यांत आमचे मामेभाऊही होते. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन १९९९ साली ते अमेरिकेला गेले आणि तिकडचेच झाले. शिकागोजवळ राहतात, आता तिथले नागरिक आहेत. आम्ही सगळे त्यांना भाईजान म्हणतो.

चहा झाल्यावर आपाने कपाटातून प्लास्टिकची एक फाइल काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. आत घराची रजिस्ट्री होती, महापालिकेच्या कराच्या पावत्या होत्या आणि बँकेचा अर्ज होता. आमचा भाचा यंदा इंजिनिअर झाला. एम.एस.साठी त्याने अमेरिकेत अर्ज केले होते, एका विद्यापीठाचा होकारही आला होता. दोन वर्षांचा खर्च पंचेचाळीस लाख. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण घर तारण मागत होती. व्याज अकरा टक्के.

"भाईजान, तुम्हीच सांगा, सही करू का?" आपाने विचारले.

भाईजाननी फाइल उघडली नाही. म्हणाले, "आधी माझे ऐका, मग ठरवा." त्या संध्याकाळी ते जे बोलले, ते आम्ही इथे लिहीत आहोत. घरची बोली दखनी, म्हणून त्यांचे शब्द मराठीत दिले आहेत. लिहिण्याचे कारण एवढेच, की हाच प्रश्न आमच्या शाळेतले पालक दरवर्षी विचारतात आणि आजवर आमच्याकडे त्याचे नीट उत्तर नव्हते.

जे घर आम्हाला माहीतच नव्हते

"२००६ साली मी तिथे घर घेतले होते," भाईजान म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. हे घर कोणालाच माहीत नव्हते.

त्या वर्षांत अमेरिकेत घरांच्या किमती चढत होत्या. ज्याची परतफेडीची ऐपत नाही त्यालाही बँका बोलावून कर्ज देत होत्या. पहिली दोन वर्षे हप्ता कमी, पुढे व्याज वाढणार, असे करार असत. अशा हजारो कर्जांचे गठ्ठे बांधून बँका ते पुढे विकत आणि घेणारे ते आणखी पुढे विकत. कर्ज बुडाले तर बुडणार कोणाचे, हे शेवटी कोणालाच सांगता येईना. किमती उतरल्या तेव्हा सगळा डोलारा कोसळला. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही दीडशे वर्षे जुनी संस्था दिवाळखोरीत गेली. पुढे ऐंशी लाखांहून जास्त लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथली बेरोजगारी दहा टक्क्यांवर पोहोचली.

"त्यात माझी नोकरी २००९च्या फेब्रुवारीत गेली. हप्ता वाढलेला, आणि घराची किंमत कर्जापेक्षा कमी झालेली. विकले तरी कर्ज फिटेना. वर्षभराने बँकेने घर घेतले. सामान एका मित्राच्या गॅरेजमध्ये ठेवले."

त्याच वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीचा निकाह नांदेडमध्ये झाला होता. खर्चाचे पैसे अमेरिकेहून आले होते आणि थाट पाहून मोहल्ला महिनाभर बोलत होता. आम्हाला सगळे आठवत होते.

"ते पैसे क्रेडिट कार्डावर काढून पाठवले होते," भाईजान म्हणाले. "फेडायला सहा वर्षे लागली."

कोपऱ्यात मामीजान तस्बीह घेऊन बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. "बेटा, एकदा सांगितले असते तर आम्ही साध्यात निकाह केला असता," एवढेच त्या बोलल्या. कोणाला काही सुचेना. परदेशातला मुलगा अडचण सांगत नाही आणि इकडे घर विचारत नाही, हे आपल्या किती घरांत चालते!

शिकागोचा भाव आणि लातूरचा मोंढा

भाचा म्हणाला, "पण मामूजान, ते २००८ होते. आता तसे नाही."

"आता वेगळे आहे, पण शांत नाही," भाईजान म्हणाले. कोरोनानंतर महागाई वाढत गेली आणि जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर पोहोचली. चाळीस वर्षांत एवढी महागाई अमेरिकेने पाहिली नव्हती. अंडी, घरभाडे, विमा हेच घराघरांतले विषय झाले. २०२५ साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी बाहेरून येणाऱ्या मालावर मोठे आयात शुल्क लावले. भारताच्या मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५, म्हणजे एकूण ५० टक्के. ऑक्टोबर उजाडला तो सरकारी खर्चाला मंजुरीच नाही अशा अवस्थेत. आरोग्य विम्याच्या सवलतींवरून दोन्ही पक्षांचे जुळेना आणि सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प राहिले. तोवरच्या तिथल्या इतिहासातली ही सर्वांत लांब टाळेबंदी.

हे ऐकताना आम्हाला लातूरचा मोंढा आठवत होता. चीनने त्या वर्षी अमेरिकेचे शुल्क लागताच तिथल्या सोयाबीनची खरेदी थांबवली. सुगीच्या वेळी अमेरिकी शेतकऱ्याचा माल पडून राहिला. ऑक्टोबरअखेर दोन्ही देशांची बोलणी झाली तेव्हा कुठे वाट निघाली. जगाच्या सोयाबीनचे सौदे शिकागोच्या बाजारात होतात. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. त्यामुळे तिकडचा भाव हलला की इकडे तेलाचा आणि पेंडेचा भाव हलतो, आणि मग आडत्याच्या दुकानात शेतकऱ्याला कमी भाव ऐकावा लागतो. २०२५ साली सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत भिजलेला माल घेऊन आलेल्या किती जणांना तो मिळाला, हे आमच्या वर्गातल्या मुलांच्या थकलेल्या फीवरून आम्हाला कळते.

कापसाचेही तसेच झाले. अमेरिकेच्या शुल्काने आपल्या कापड उद्योगाची निर्यात अडली. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्राने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत माफ केले. गिरणीला आधार मिळाला, पण नांदेड-परभणीच्या कापूसवाल्याला आपला माल बाहेरच्या स्वस्त कापसाशी स्पर्धा करत विकावा लागला. म्हणजे अमेरिकेचा गोंधळ आपल्या मोंढ्यात आधीच येऊन बसला आहे. कर्ज काढून तो घरात आणायचा का, एवढाच प्रश्न उरतो.

मत कशावर पडते

आमच्या दूल्हाभाईंना राजकारणाची आवड. त्यांनी विचारले, "पण न्यूयॉर्कला तर मुसलमान महापौर निवडून आला! म्हणजे आपल्या मुलांना आता तिथे चांगले दिवस?"

भाईजान हसले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले, हे खरे. कंपालात जन्मलेला, चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचा हा मुलगा. त्याच दिवशी व्हर्जिनिया राज्यात गझाला हाश्मी उपराज्यपाल झाल्या. अमेरिकेत राज्यभराच्या मतदानातून निवडून आलेल्या त्या पहिल्या मुस्लिम महिला. जन्म १९६४चा, हैदराबादचा. चार वर्षांच्या असताना तिकडे गेल्या आणि पुढे कितीतरी वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होत्या. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातलाच, आणि त्यात त्या शिक्षिका, म्हणून आम्हाला ही बातमी ऐकून विशेष आनंद झाला.

"आनंद जरूर करा," भाईजान म्हणाले, "पण ते कशावर निवडून आले तेही बघा. ममदानी सगळा वेळ घरभाडे, बसचे तिकीट आणि लहान मुलांच्या पाळणाघराचा खर्च यांवरच बोलत राहिले. व्हर्जिनियात सरकारी नोकरदार खूप. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, पगार अडकले होते. लोकांनी नावाकडे न पाहता घरखर्चाकडे पाहून मत दिले. एक वर्ष आधी ट्रम्पही महागाईच्या रागावरच जिंकले होते. तोच मतदार, तोच राग. वर्षात कूस बदलली."

मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्न शहराची गोष्टही त्यांनी सांगितली. तिथे अरब मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. २०२० मध्ये या शहराने बायडन यांना भरघोस मते दिली. गाझावरील हल्ल्यांमुळे लोक इतके दुखावले, की फेब्रुवारी २०२४च्या पक्षांतर्गत मतदानात मिशिगनमध्ये एक लाखाहून अधिक मतदारांनी 'कोणालाच पसंती नाही' असा शिक्का मारला. नोव्हेंबरात त्याच डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिल्या क्रमांकावर आले, हॅरिस दुसऱ्या, आणि बरीच मते तिसऱ्या उमेदवाराला गेली. "आमच्या मशिदीत बाप एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला होता," भाईजान म्हणाले. "मी कोणाला मत दिले ते सांगणार नाही. पण मत द्यायला गेलो तेव्हा खिशात विम्याच्या हप्त्याचे पत्र होते, एवढे सांगतो."

'सध्या' या शब्दावर घर

मग ते भाच्याकडे वळले. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावले. तेव्हाच्या दराने सुमारे नव्वद लाख रुपये. हे व्हिसा वर्षाला ८५ हजारच, आणि त्यासाठी सोडत निघते. मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा काही आठवडे बंद होत्या. सुरू झाल्या तेव्हा सोशल मीडियाची खाती तपासणीसाठी खुली ठेवण्याची अट आली.

भाच्याने सगळे वाचलेले होते. तो म्हणाला, "जे तिथेच शिकून व्हिसा बदलतात त्यांना ते शुल्क सध्या नाही. ऑक्टोबरात खुलासा आलाय."

"बरोबर," भाईजान म्हणाले. "पण त्यात 'सध्या' हा शब्द आहे. आता मोज. शिक्षण दोन वर्षे. नंतर तुझ्या विषयात जास्तीत जास्त तीन वर्षे काम करता येते, तेही आजच्या नियमाने. अशी पाच वर्षे. एवढ्यात नोव्हेंबर २०२६ मध्ये तिथल्या संसदेची निवडणूक आहे, लोकप्रतिनिधी सभेच्या सगळ्या ४३५ जागांची. २०२८ मध्ये राष्ट्राध्यक्षाची. म्हणजे दोनदा वारे बदलणार. कर्ज दहा वर्षांचे, सत्ता चार वर्षांची. तिथे कोणाचे सरकार येईल ते तुझ्या हातात नाही. तुला तिथे मत नाही. हप्ता मात्र ठरल्या तारखेला नांदेडच्या बँकेत भरावा लागेल."

"तुम्हीही गेलातच ना?" भाचा चिडून म्हणाला.

"गेलो. पण मला कंपनीने नेले. अब्बांनी फक्त तिकिटाचे पैसे दिले होते, घर नव्हते दिले. म्हणून सगळे गमावल्यावरही इथे परत यायला छप्पर होते. तुझ्या अम्मीचे छप्पर लावून तू जुगार खेळू नकोस. कमाव, पैसे जोड, मग जा. मी अडवणार नाही. जाशील तेव्हा पहिले सहा महिने माझ्या घरी राहा."

आम्ही मध्ये पडलो नाही. व्याजाचा प्रश्न आपल्या घरात केवळ हिशेबाचा नसतो, दीनचाही असतो, आणि आपाची झोप त्यानेच उडाली होती. तरी आम्ही कागद घेऊन साधा हिशेब मांडला. पंचेचाळीस लाखांवर अकरा टक्के म्हणजे वर्षाचे पाच लाखांच्या आसपास फक्त व्याज, महिन्याला एक्केचाळीस हजार. दूल्हाभाईंचे निवृत्तिवेतन त्याहून कमी. कागद सगळ्यांनी पाहिला.

आपाने फाइल उचलून परत कपाटात ठेवली. भाचा दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. त्याचे दुःख आम्हाला कळत होते. वर्गात मुलांना मोठी स्वप्ने पाहा म्हणून सांगणारेही आम्हीच.

आपल्या घरात हा प्रश्न आला तर

लातूरला परतल्यावर आम्ही चौकशी केली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी केंद्राची 'पढो परदेस' ही व्याज-अनुदानाची योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे. जागा थोड्या, स्पर्धा मोठी, पण अर्ज करायला हवा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, राहण्या-खाण्याचा खर्च मात्र दाखवावा लागतो. यांतले काहीच सोपे नाही. पण यांत घर जात नाही.

वाचक बंधू-भगिनींनी सही करण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. मूल नोकरीविना परत आले तर हप्ता कोण भरणार? तारण म्हणून जे ठेवतो ते गेले तर राहणार कुठे? तिथला नियम बदलला तर दुसरी वाट कोणती? आणि चौथा सर्वांत महत्त्वाचा: तिकडे गेलेले मूल अडचणीत आले तर ती आपल्याला सांगू शकेल, असे आपले घर आहे का?

भाईजान निघाले तेव्हा त्यांना हैदराबादच्या विमानतळावर सोडायला भाचाच गाडी घेऊन गेला. रात्री उशिरा परतला. म्हणाला, हैदराबादच्या एका कंपनीत मुलाखत दिली आहे, दोन वर्षे पैसे जोडतो, मग बघू. मामीजान आता दर जुम्म्याला शिकागोला फोन लावतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "बेटा, खरे सांग, सगळे ठीक आहे ना?"

अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो, हलाल रोजी देवो आणि घरी खरे बोलण्याची हिंमत देवो. आमीन.