बोकडाची लघवी तुंबली : कापायचा, की वाचवायचा?

मालेगाव तालुक्यातील एका पशुपालक भगिनीने विचारले : ‘आमचा सव्वा वर्षाचा बोकड काल सकाळपासून कुंथत आहे. लघवीचे दोन-चार थेंब येतात. शेजारी म्हणतात, कापून मोकळे व्हा. पोरगा म्हणतो, दवाखान्यात न्या. काय करावे?’ प्रश्न दूरध्वनीवर आला आणि त्याचे उत्तर त्याच घटकेला द्यावे लागले. पण उन्हाळा लागला, आणि विशेषतः बकरी ईद जवळ आली, की हाच प्रश्न इतक्या घरांतून येतो की या आठवड्याचे सदर त्यासाठीच द्यायचे मी ठरवले.

बहुतेक वेळा पहिली चूक निदानाची होते. बोकड कमान करून उभा राहतो, मागचे पाय ताणतो, शेपूट हलवतो, ओरडतो, दात खातो, चारा सोडतो. घरच्यांना वाटते की शेण अडले. मग एरंडेल पाजले जाते, पोट चोळले जाते आणि एक अख्खा दिवस हातचा जातो. लेंड्या पडत असतील आणि तरीही जनावर कुंथत असेल तर लघवीकडे पाहावे. लिंगाच्या खोळीच्या तोंडाशी केस असतात. ते कोरडे असतील किंवा त्यांवर वाळूसारखी खर चिकटलेली असेल, तर मुतखड्याचा संशय धरायलाच हवा. जनावर कोरड्या जमिनीवर किंवा गोणपाटावर बांधून तास-दोन तास पाहिले तरी ओल पडते की नाही ते कळते.

खडा शेळीलाही होतो. पण तिचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असल्याने तो बहुधा बाहेर पडून जातो. नराचा मार्ग लांब आणि अरुंद असतो, शिवाय वाटेत त्याला दुहेरी वळण असते. बोकडाच्या लिंगाच्या अगदी टोकाला गांडुळासारखी एक बारीक नळी लोंबत असते. पुष्कळदा खडा तिथेच अडतो, आणि तिथे नाही अडला तर मागे त्या वळणात. बैलाला टोकाची ही नळी नसते, त्याचा खडा प्रामुख्याने वळणात सापडतो. लहानपणीच खच्ची केलेल्या नरात हा मार्ग पुरेसा वाढत नाही. खच्ची बोकड आणि गोऱ्हे यांत हा आजार जास्त दिसतो, त्याचे एक कारण हे आहे.

मार्ग पूर्ण बंद झाला की मूत्राशय फुगत जाते. मूत्रपिंडे आपले काम थांबवत नाहीत. म्हणून गावात सर्रास केला जाणारा एक उपाय मला फार खटकतो. लघवी सुटावी म्हणून गोखरूचा काढा बाटल्यांनी पाजतात, कोणी माणसाची लघवी वाढवणारी गोळीही देतात. धरणाचे दरवाजे बंद असताना वरून पाणी सोडण्यासारखे हे आहे. थेंब थेंब येत असेल तोवरही असे काही स्वतःच्या मनाने देऊ नये. पाणी जनावर स्वतः पिईल तेवढे पिऊ द्यावे, जबरदस्तीने ओतू नये. खुराक ताबडतोब बंद करावा.

मार्ग पूर्ण बंद राहिला तर एक-दोन दिवसांत, कधी थोड्या उशिरा, मूत्राशय फुटते किंवा मूत्रमार्गाला भोक पडते. येथे पशुपालकाची हमखास फसगत होते. मूत्राशय फुटताच ताण जातो. कालपर्यंत ओरडणारा बोकड शांत होतो, कुंथणे थांबवतो, कधी चाऱ्याला तोंडही लावतो. घरात आनंद होतो, काढा लागू पडला म्हणतात. पण एक-दोन दिवसांत पोट दोन्ही बाजूंनी खाली लोंबते, जनावर मलूल होते, तोंडाला लघवीसारखा वास येतो. लघवी पोटात साचलेली असते आणि तिचे विष रक्तात भिनत असते. मूत्रमार्ग फुटला असेल तर पोटाखालच्या कातडीत सूज येते आणि पुढे कातडी काळी पडून सडते. लघवी न करता कुंथणे थांबले तर ते सुधारणेचे लक्षण समजू नये.

आता निर्णयाकडे येतो. माझ्या मते तो घेताना चार गोष्टी पाहाव्यात : किती तास झाले, मूत्राशय शाबूत आहे का, जनावर कशासाठी पाळले आहे, आणि घरातील कोणाला पुढचे दोन-तीन आठवडे रोज त्याच्याकडे पाहायला सवड आहे का. यांतील शेवटची गोष्ट कोणी विचारत नाही आणि पुष्कळदा उपचार तिथेच फसतो.

बोकड मांसासाठीच पाळला असेल, आजार पहिल्या दिवशीच लक्षात आला असेल, ताप नसेल आणि पोट फुटलेले नसेल, तर तो लगेच कत्तलीला देणे हा शहाणपणाचाच पर्याय आहे. त्यात निर्दयपणा नाही. वेदनेत तीन दिवस ताटकळत ठेवण्यापेक्षा ते बरे. मात्र हा निर्णय पहिले इंजेक्शन टोचण्याच्या आधी घ्यायला हवा. प्रतिजैविक आणि वेदनाशामक औषधांचा अंश मांसात काही दिवस राहतो आणि तेवढे दिवस ते मांस खाण्यास योग्य नसते. म्हणून डॉक्टर दारात आले की आधी त्यांना स्पष्ट सांगावे : ‘आम्ही कापण्याचाही विचार करतो आहोत, तपासून आधी सांगा.’ मूत्राशय फुटून गेले असेल तर हा पर्याय संपला. अशा जनावराच्या मांसाला लघवीचा वास येतो आणि ते खाण्याजोगे राहत नाही. ते गुपचूप खाटकाला विकणे म्हणजे खाणाऱ्याची फसवणूक आहे.

वाचवायचे ठरले तर पहिला उपाय सोपा आहे. बोकडाला ढुंगणावर बसवून लिंग बाहेर काढतात आणि टोकाची ती बारीक नळी तपासतात. खडा तिथे असेल तर नळी कापून टाकतात. तिच्यावाचून जनावराचे काही अडत नाही, पैदाशीच्या बोकडाचेही सहसा अडत नाही. कित्येकदा तिथल्या तिथे लघवीची धार सुटते. पण मागे मूत्राशयात आणखी खडे असतात, ते पुढे सरकून पुन्हा अडू शकतात. म्हणून धार सुटली तरी दोन-तीन दिवस पहारा हवा.

वर सांगितलेल्या बोकडाचे असेच झाले. मुलाच्या हट्टाने त्याला दवाखान्यात नेले, नळी कापली, धार सुटली. तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. आता इंजेक्शने झालेली होती, म्हणजे कापण्याचा मार्ग उरला नव्हता, आणि शस्त्रक्रियेचा खर्च बोकडाच्या किमतीच्या जवळ जात होता. बाई रोजमजुरीला जाणाऱ्या. त्यांनी मला विचारले, ‘डॉक्टरसाहेब, तुमचा असता तर काय केले असते?’ मी सांगितले की बाजाराचा हिशेब पाहिला तर हा सौदा तोट्याचा आहे. पण मूत्राशय शाबूत आहे, मुलगा घरी आहे, आणि आता काहीच न करणे म्हणजे त्याला हाल होऊन मरू देणे. म्हणून मी शस्त्रक्रियेच्या बाजूने आहे. त्यांनी बोकड मोठ्या दवाखान्यात नेला.

तेथे केली ती शस्त्रक्रिया अशी. पोटाला छेद देऊन मूत्राशयात रबरी नळी बसवतात आणि तिचे दुसरे टोक बाहेर काढून टाके घालतात. लघवी नळीवाटे थेंब थेंब गळत राहते, मूत्राशयावरचा ताण जातो आणि अडलेल्या मार्गाची सूज उतरायला अवधी मिळतो. सोबत लघवी आम्ल करणारे औषध देतात, त्याने खडे विरघळायला मदत होते. साधारण आठवड्या-दहा दिवसांनंतर नळी थोडा थोडा वेळ बंद ठेवून पाहतात. नैसर्गिक वाटेने नीट धार येऊ लागली की मग नळी काढतात. या काळात बोकडाने नळी चावू नये, दुसऱ्या जनावराने ओढू नये, जखमेवर माशा बसू नयेत आणि नळी गळते आहे ना हे दिवसातून चार वेळा पाहावे. हे काम त्या मुलाने अठरा दिवस केले. बोकड जगला. पण प्रत्येक बोकड जगतोच असे नाही. आत जखम होऊन मार्ग कायमचा आक्रसला असेल तर नळीचा उपयोग होत नाही.

तिसरा उपाय म्हणजे शेपटीखाली, गुदद्वाराच्या खालच्या बाजूस, मूत्रमार्गाला नवे तोंड करणे. बोकडात हे तोंड काही महिन्यांत आक्रसून पुन्हा बंद होण्याची भीती असते आणि पैदाशीला तो निकामी होतो. म्हणून तेथे तो शेवटचा मार्ग धरावा.

बैलाची गोष्ट मात्र वेगळी. तो खच्चीच असतो, पैदाशीचा प्रश्न नाही. नवे तोंड करून किंवा वळणातला खडा काढून बरा झालेला बैल पुन्हा औताला जुंपता येतो. शिवाय १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यात झालेली दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाल्यापासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. म्हणजे बोकडाबाबत जो सोपा रस्ता असतो तो येथे नाहीच. उपचार तरी करायचा, नाहीतर मरण पाहायचे. त्यामुळे बैलाने सकाळी नेहमीच्या वेळी लघवी केली नाही तर दुपारपर्यंत वाट पाहू नये. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करून फिरत्या पशुचिकित्सा पथकाची चौकशी करावी किंवा तालुक्याचा दवाखाना गाठावा. सोनोग्राफी आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आपल्या भागाला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. गाडी ठरवायची तर ती पहिल्या दिवशी ठरवावी.

खडे विरघळवणारे औषध म्हणजे अमोनियम क्लोराईड, आपल्याकडे ज्याला नवसागर म्हणतात ते. हे वाचून कोणी किराणा दुकानातून नवसागर आणून चारू नये. तो शुद्ध असेलच असे नाही, आणि मात्रा जनावराच्या वजनावर ठरते. शिवाय ते सगळ्या खड्यांवर चालत नाही. खुराकावर पोसलेल्या बोकडाचे खडे बहुधा फॉस्फेटचे असतात, ते आम्ल लघवीत विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेटचे खडे असे विरघळत नाहीत.

यावरून आठवले. पुण्यात शिकणाऱ्या मुलीने गिनी पिग पाळला, त्याला खडा झाला, बोकडाचे औषध चालेल का, असे वाशिमच्या एका गृहस्थांनी विचारले होते. चालणार नाही. या प्राण्याच्या शरीरातील जादा कॅल्शियम लघवीवाटे जाते आणि त्याचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचेच असतात. ते क्ष-किरण चित्रात दिसतात, पण औषधाने जात नाहीत. खडा लहान असेल तर कधी आपोआप पडतो. मोठा असेल किंवा मार्गात अडला असेल तर तो काढावाच लागतो, आणि काढल्यावरही पुन्हा होण्याची शक्यता राहते. प्राणी वयस्क, हडकलेला आणि खाणे सोडलेला असेल तर भूल सहन होईल का, हे आधी डॉक्टरांना विचारावे. दिवसभर पोटात काही गेले नाही तर त्याची आतडी मंदावतात आणि मग खड्याआधी तेच जीवावर बेतते. त्याला वेदनाशामक देणे आणि हाताने भरवणे हे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे. भूल सोसणार नसेल आणि वेदना थांबत नसतील, तर शांत मरण देणे हाही उपचारातलाच निर्णय आहे. तो घेणाऱ्या मुलीला घरच्यांनी ‘उंदरासाठी काय रडतेस’ असे म्हणू नये.

पुन्हा आपल्या दावणीकडे. एका बोकडाला खडा झाला की त्याच खुराकावरचे बाकीचेही त्याच वाटेवर आहेत असे धरून चालावे. ईदसाठी बोकड भराभर भरावा म्हणून गव्हाचा कोंडा, मका, चुनी, सरकीची ढेप असे घमेलेभर पुढे ठेवतात. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. खरे तर एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीच्या आसपास हवे. म्हणून खुराक कमी करून बोर, बाभूळ, सुबाभूळ यांचा पाला, तुरीचे आणि सोयाबीनचे कुटार वाढवावे. पाला चघळताना लाळ पुष्कळ सुटते आणि फॉस्फरसचा काही भाग तिच्यावाटे शेणात जातो, तेवढा लघवीत कमी उतरतो. खुराक द्यायचाच तर दोन-तीन वेळा विभागून द्यावा आणि त्यात कॅल्शियमची भुकटी किती मिसळायची ते डॉक्टरांना विचारावे. शेकडा एक भाग मीठ खुराकात घालावे म्हणजे जनावर पाणी जास्त पिते. अर्थात मीठ घालून टाके कोरडे ठेवले तर उलटाच परिणाम. एप्रिल-मे महिन्यांत रिसोड, मानोऱ्याकडच्या कित्येक गावांत माणसालाच पाणी विकत घ्यावे लागते हे मला माहीत आहे. तरी सावलीतले, स्वच्छ, गार पाणी दिवसातून तीनदा पुढे ठेवले तर बोकड उन्हात तापलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त पितो.

बोकड दोन-चार आठवड्यांचा असतानाच खच्ची करण्याची घाई करू नये. चार-सहा महिन्यांचा होऊ द्यावा. तोवर पाटींपासून वेगळा बांधावा लागतो, ती कटकट आहे खरी. आणि दावणीला बांधलेल्या नरांच्या खोळीचे केस सकाळी चारा टाकतानाच हात लावून पाहावेत. कोरडी खर बोटाला लागली तर त्या दिवशीचा कोंडा टाकू नये आणि डॉक्टरांना कळवावे.