दिवाळीच्या मेळ्यात सहस्रचंद्रदर्शन

नोकरीचाकरीनिमित्त देशोदेशी पांगलेले आप्तेष्ट दिवाळीच्या रजेत एका छपराखाली येतात, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या वयाचे टप्पेही त्याच मेळ्यात साजरे करणे सोईचे ठरते. आणि या टप्प्यांमागील कालगणना मोठी मनोहर असल्यामुळे तिचा तपशील येथे थोडक्यात सादर करीत आहे.

प्रभवापासून क्षयापर्यंत ६० संवत्सरांचे चक्र पुरे होऊन जन्मकाळचे संवत्सर पुनश्च येते, ती षष्ट्यब्दिपूर्ती. ७५ वर्षांचा तो अमृतमहोत्सव. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब मात्र जिज्ञासूंनी मुद्दाम करून पाहावा. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, म्हणजे १९ सौर वर्षांत, सात अधिक मास जमेस धरून, २३५ चांद्रमास भरतात. त्या प्रमाणाने हजार पौर्णिमांस सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात, आणि म्हणूनच हा सोहळा वयाच्या ८१व्या वर्षी करण्याचा परिपाठ पडला आहे.

या प्रसंगी होमहवन करावे की नुसते सुग्रास भोजन, हा ज्याच्या त्याच्या कुलाचाराचा व श्रद्धेचा प्रश्न. परंतु लेकीसुनांनी व नातवंडांनी ८१ दिव्यांनी ओवाळणे, आणि धान्याची वा पुस्तकांची तुला करून ती गरजूंस दान देणे, या दोन चाली कोणत्याही घरी शोभून दिसतात.

तेव्हा यंदा भाऊबीजेची पंगत उठण्यापूर्वी आजी-आजोबांची जन्मतारीख विचारून घ्या, पौर्णिमा मोजा, आणि त्यांच्या हयातीतला हा दुर्मिळ योग दवडू नका.