निफाडची थंडी आणि तंबूतले निखारे

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत दरवर्षी एक बातमी ठरलेली असते. निफाडचा पारा घसरला. त्याच पानावर महाबळेश्वरचे तापमान असते आणि बहुतेकदा ते निफाडपेक्षा जास्त असते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर, तर निफाड त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर, गोदावरीच्या खोऱ्यात. उंच जावे तसे दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरते असे आपण शाळेत शिकलो. मग हे उलटे कसे?

हिवाळ्यात शेतावर, नदीकाठी किंवा एखाद्या गडाच्या पायथ्याशी मुक्कामाला जाणाऱ्यांनी हे उत्तर समजून घ्यावे. तिथली मौज आणि तिथले धोके या दोन्हींचे मूळ त्यात आहे.

आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला अशा रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे सोडते. ढग असते तर त्यांनी पांघरुणासारखी ती अडवली असती. जमीन गार झाली की तिला चिकटलेली हवा गार होते. गार हवा जड असल्याने उतारावरून ओघळत सखल भागात साचते, पाणी साचावे तशी. त्यामुळे खोऱ्याच्या तळाशी गारठा आणि टेकडीवर त्यामानाने ऊब, असा प्रकार होतो. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. महाबळेश्वरातही वेण्णा तलावाचा सखल परिसर असाच गारठतो आणि तिथे गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दवाचे हिमकण होतात. त्याच पहाटे वेधशाळेचा आकडा मात्र शून्याच्या बराच वर असतो. त्यात वेधशाळेची चूक नाही. तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, झडपांच्या पेटीत असतो, तर गवताचे पाते उघड्या आकाशाखाली. तंबूत जमिनीवर झोपणाऱ्या माणसाचे तापमान गवताच्या पात्याचे असते, बातमीतले नव्हे.

निफाड, दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार हे पुस्तकाशिवाय जाणतात. कडाक्याच्या रात्री ते बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. थंडीने मणी तडकले तर वर्षाची मेहनत जाते. शेकोटीचा धूर वर न जाता वेलींच्या मांडवावर पसरून राहतो. वर ऊबदार हवेचे झाकण असल्याने खालची जड हवा वर चढू शकत नाही. बागेला त्याचा उपयोग होतो. आपल्या फुप्फुसांना मात्र तोच धूर, रस्त्यावरची धूळ आणि चुलींचा धूर पहाटे नाकाच्या उंचीवर सापडतो. ‘गावची पहाटेची शुद्ध हवा’ ही कल्पना हिवाळ्यात नेहमीच खरी नसते. दमेकऱ्यांना तर कोरडी गार हवाच पुरेशी असते. तिने श्वासनलिका आकसतात आणि छातीत घरघर सुरू होते. नाकावरून मफलर घेतला तर आत जाणारी हवा थोडी ओलसर आणि कोमट होते. इन्हेलर बॅगेच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावा.

निफाड तालुक्यातच नांदूरमध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा जलाशय महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे दूरदेशीचे पाहुणे इथे उतरतात. पक्षी पाहायचे म्हणून लोक अंधारात येऊन मनोऱ्यावर उभे राहतात, आणि धुके असले तर तास-दीड तास पांढऱ्या पडद्याकडे पाहत कुडकुडतात. पहाटेचे सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या वेळी किंवा त्यानंतर थोड्या वेळाने नोंदले जाते, सूर्योदयापूर्वी नव्हे. आठच्या पुढे ऊन जमिनीला लागले की ते झाकण फुटते, धुके विरते, धूर वर जातो आणि पक्षीही नीट दिसू लागतात. साठीपुढच्या मंडळींनी आठलाच निघावे. फार काही हुकत नाही.

साठीचा उल्लेख मुद्दाम केला. थंडी लागताच कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे आतली उष्णता बाहेर जात नाही. वाट अरुंद झाल्याने हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचे झटके पहाटे आणि सकाळच्या वेळी अधिक येतात हे आधीच माहीत आहे; त्यात थंडी, त्यात चढण आणि त्यात रिकामे पोट. बारी गावातून रात्रीच कळसूबाई चढायला लागून सूर्योदयाला 1646 मीटरवरचा माथा गाठायचा, हा बेत पंचविशीत उत्तम आहे. स्टेंट बसवलेल्या, एरवी फक्त सोसायटीच्या आवारात फिरणाऱ्या गृहस्थांनी मुलांच्या उत्साहात वाहून जाऊन तो करू नये. सहलीच्या गडबडीत रक्तदाबाची गोळी घरी राहते, हे तर दर हिवाळ्यात दिसते. चालताना छाती भरून आली, जबडा किंवा डावा हात दुखू लागला तर थांबायचे, ‘थंडीने आखडलंय’ म्हणून चोळत बसायचे नाही. ईसीजीची सोय असलेले जवळचे रुग्णालय कुठे आहे, हे मुक्कामाच्या यजमानांना पोहोचताच विचारून ठेवावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका खेड्यातही मिळते, पण फोनला रेंज कुठे येते हेही विचारावे लागते.

आणखी एक गंमत. रक्तवाहिन्या आकसल्याने रक्त शरीराच्या मध्यभागी सरकते. मूत्रपिंडांना वाटते, पाणी जास्त झाले. म्हणून थंडीत लघवीला वारंवार लागते. तहान मात्र मंदावते. दिवसभर शेतात हिंडून संध्याकाळी डोके दुखते, ते बऱ्याचदा पाणी कमी पडल्याने.

संध्याकाळच्या डोकेदुखीचे ठीक आहे. सकाळी उठल्यावरच्या डोकेदुखीची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो.

गेल्या जानेवारीत आम्ही तीन कुटुंबे एका शेतावर मुक्कामाला होतो. रात्री शेकोटीभोवती गप्पा झाल्या, भाकरी-पिठलं झालं. शेजारच्या तंबूतल्या आजींना गारठा सोसेना. शेतावरच्या एका कामसू मुलाने, पूर्ण मायेपोटी, शेकोटीतले लाल निखारे घमेल्यात भरले आणि तंबूत नेऊन ठेवले. धूर नव्हताच, त्यामुळे कुणाला काही वावगे वाटले नाही. तंबूची चेन लावली गेली. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा कापडातून तो तांबूस उजेड दिसला म्हणून घमेले बाहेर आले. तोपर्यंत अर्धा-पाऊण तास झाला असावा. आजी आणि नात दोघींचे डोके ठणकत होते, नातीला मळमळत होते. दोघींना उघड्यावर आणून बसवले, मग गाडीत घालून तालुक्याच्या गावी नेऊन ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत त्या बऱ्या झाल्या. तो मुलगा मात्र दिवसभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. त्याला कुणी सांगितलेच नव्हते, आणि आम्ही शिकलेल्यांनी तरी झोपण्यापूर्वी कुठे चौकशी केली होती?

धगधगत्या निखाऱ्यांना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट या वायूला धरते. म्हणजे हवेत तो थोडासा असला तरी प्राणवायूची जागा बळकावत जातो. आधी डोकेदुखी, मग मळमळ, गुंगी. झोपेत असलेल्या माणसाला यातले काही जाणवतच नाही, झोप फक्त गाढ होत जाते. ‘धूर नाही म्हणजे धोका नाही’ ही समजूत सर्वांत घातक. धूर असता तर निदान खोकून जाग आली असती. कोविडनंतर घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसवतो. त्याला या वायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे आकडा चांगलाच दिसतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, तर शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. म्हणून ‘मोकळ्या हवेत बसवलंय, बरं वाटेल’ एवढ्यावर थांबू नये, रुग्णालय गाठावे. पोटात बाळ असलेल्या बाईच्या बाबतीत तर अजिबात वाट पाहू नये, कारण बाळाला त्याचा जास्त फटका बसतो.

हेच शेगडीला आणि खिडक्या लावून पेटवलेल्या चुलीला लागू आहे. गॅस गिझर असलेल्या बंद न्हाणीघरालाही.

मग रात्र काढायची कशी? पांघरूण वाढवण्याआधी अंथरूण वाढवा. आपली ऊब खालची जमीन जास्त ओढून घेते. दोन गोधड्या असतील तर एक खाली टाका, खाली कडबा किंवा पेंढा पसरला तर आणखी उत्तम. घामाने ओलसर झालेला सुती बनियन झोपण्यापूर्वी बदला. कानटोपी, मोजे, गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पायाशी. आणि थंडीवर उतारा म्हणून घेतलेला पेग? त्याने कातडीच्या रक्तवाहिन्या सैल होतात, अंग गरम झाल्यासारखे वाटते आणि आतली ऊब बाहेर निघून जाते.

सकाळी कोवळ्या उन्हात बसून ड जीवनसत्त्व मिळते, असेही ऐकू येते. ऊब मिळते, जीवनसत्त्व फारसे नाही. त्यासाठी लागणारे अतिनील किरण सूर्य खाली असताना हवेतच गळून जातात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते पुरेसे पोहोचतात, असा साधा ठोकताळा आहे. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात साडेबाराच्या सुमारास पाच फुटी माणसाची सावली साडेचार फुटांच्या आसपास असते. म्हणजे ती वेळ भर दुपारची, तीही थोडीच.

आणि नेमका तेव्हाच हुरडा तयार असतो. आगटीतली कणसे राखेतून काढून कुणीतरी तळहातावर चोळत असते, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ पानात पडलेले असते. गूळभेंडी असो, सुरती असो की राहुरीच्या विद्यापीठाची फुले मधुर, कोवळ्या दाण्याची गोडी साखरेची आहे, आणि मधुमेहींनी हुरडा म्हणजे जेवणच समजून भाकरी गाळावी. पाठीवर ऊन घेत, शर्टाच्या बाह्या वर करून बसावे.