ऑपरेशनच्या आधी उपाशी किती तास राहायचं? जेवणाची वेळ वेगळी, पाण्याची वेगळी

निर्मळ (ता. वसई) : ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात पहिली सूचना सुटते, ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नको.’ आपल्याकडे उपवासाची सवय जुनी. कार्तिकातल्या यात्रेची एकादशी असो, नवरात्र असो की गुड फ्रायडे, उपाशी राहायला कोणी घाबरत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी सहा तास सांगितले तर आपण बारा तास राहतो. जास्त उपास म्हणजे जास्त सुरक्षित, असं वाटतं. पण तसं नाही. जरुरीपेक्षा जास्त कोरडं राहिलं तर अंगातली ताकद आधीच उतरते आणि बरं व्हायला जास्त जड जातं.

उपाशी ठेवतात कशासाठी?

पूर्ण भूल दिली की घशाची राखण करणारी ताकद झोपते. एरवी अन्न श्वासनळीत जायला लागलं तर ठसका येतो. भुलेत ठसका येत नाही. पोटात अन्न असेल आणि ते उलटून वर आलं तर थेट फुप्फुसात जाऊ शकतं. पोटातल्या आम्लाने फुप्फुस भाजतं, जीवही जाऊ शकतो. अमेरिकेतले डॉक्टर मेंडेलसन यांनी 1946 साली बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांमध्ये असे 66 प्रकार घडल्याचं लिहिलं. पुढे जगभर उपाशी ठेवण्याचा नियम कडक झाला आणि ‘बारानंतर काही नाही’ ही सोपी आज्ञा सगळीकडे रुळली.

मग बदललं काय?

अन्न आणि पाणी पोटातून एका वेगाने उतरत नाहीत. साधं पाणी निरोगी माणसाच्या पोटातून झपाट्याने पुढे सरकतं, तळलेलं किंवा मटणाचं जेवण कित्येक तास राहतं. हे कळल्यावर 1999 साली अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने दोन्हींच्या वेळा वेगळ्या केल्या. आज साधारण हिशोब असा धरतात :

- तळलेलं, तुपकट, मटण-मच्छीचं जेवण : भुलेआधी 8 तास बंद
- हलका नाश्ता, पेज, दूध, दुधाचा चहा : 6 तास बंद
- अंगावरचं दूध पिणारं बाळ : 4 तास
- पाणी, कोरा चहा, चोथा नसलेला गाळलेला रस : 2 तास

यात आपली गफलत होते ती दुधाच्या चहात. ‘चहाच तर घेतला’ म्हणतो, पण दूध पोटात गेल्यावर दह्यासारखं घट्ट होतं, म्हणून ते अन्नातच धरतात. ताक आणि पेजही पाण्यात मोडत नाहीत. शहाळ्याचं पाणी चालेल का, ते विचारूनच घ्या.

जास्त उपासाने अंगाला काय होतं?

हिशोब करून बघा. रात्री आठला जेवलात, बाराला पाणी बंद केलं आणि नंबर दुपारी दोनला लागला. म्हणजे अन्नाविना 18 तास आणि पाण्याविना 14 तास. त्यात जव्हार-मोखाड्याकडून पहाटे निघालेला पेशंट असेल तर गाडीतला घाम वेगळाच.

पाणी कमी पडलं की तोंड सुकतं, डोकं दुखतं, सलाईन लावायला शीर सापडत नाही. भूल दिल्यावर बीपी जास्त खाली येऊ शकतो. म्हाताऱ्या माणसांना चक्कर येते, ती गोंधळतात. दुसरी गोष्ट साखरेची. रात्रभरात लिव्हरमधला साखरेचा साठा बराच उतरतो. तो संपत आला की शरीर स्नायू मोडून साखर बनवायला लागतं. त्यावर ऑपरेशनचा ताण आला की इन्सुलिनचं काम मंदावतं, शुगर वाढते. एका रात्रीच्या उपासाने कोणी खंगत नाही, हेही खरं. पण ऑपरेशन, त्यानंतरचं पडून राहणं आणि कमी खाणं या तिन्हीत भर पडते. वाडीत पाणी शिंपायला, केळीचा घड उचलायला लागते ती हीच ताकद.

म्हणूनच डेन्मार्कचे सर्जन केलेट यांनी 1990 च्या दशकात वेगळी पद्धत मांडली : उगाच लांब उपास नको, ऑपरेशननंतर लवकर खाणं, लवकर चालणं. ती आता जगभर अनेक हॉस्पिटलांत वापरतात.

हे तास सगळ्यांना लागू नाहीत

शुगरवाले, गरोदर बाया, फार वजनदार माणसं, नेहमी आंबट पाणी वर येणारे आणि आतड्याला अडथळा असलेले यांच्यात पोट सावकाश रिकामं होण्याचा किंवा अन्न उलटून वर येण्याचा धोका जास्त असू शकतो. त्यांच्या वेळा डॉक्टर वेगळ्या सांगतात. अपघात झालेल्या माणसाला तर काहीच पाजू नका. दुखण्याने पोटाचं काम थांबतं. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन बऱ्याचदा जागेवरच्या भुलेत होतं, तिथेही नियम वेगळे असतात. वरचा तक्ता प्रश्न विचारण्यासाठी आहे. शेवटचा शब्द भूलतज्ज्ञाचा.

काय विचाराल, काय सांगाल

1. शेवटचं जेवण किती वाजता आणि शेवटचं पाणी किती वाजता? दोन्ही वेळा कागदावर लिहून घ्या.
2. नंबर पुढे ढकलला तर सिस्टरला विचारा, ‘आता पाणी देऊ का?’ मनाने देऊ नका.
3. शुगर, बीपी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी त्या सकाळी कुठली घ्यायची, कुठली नाही?
4. आदल्या दिवशी निर्जळी उपास आला तर आधीच डॉक्टरांना सांगा.
5. चुकून काही खाल्लं असेल तर लपवू नका. फार तर तारीख पुढे जाईल. मशेरी, तंबाखू, विडीचंही सांगा.

ऑपरेशन ठरलेलं असेल आणि हाताशी दोन-तीन आठवडे असतील तर रोज चाला, डाळ, अंडी, मासे पोटभर खा, तंबाखू सोडा. आदल्या दिवशी उन्हात राबू नका, पाणी भरपूर प्या. मात्र किडनी किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेच पाळा.