खाण थांबली, रान परतले का?

खाण बंद झाली, झाडे लावली, डोंगर लांबून हिरवा दिसू लागला की जंगल परत आले असे आपण धरून चालतो. पण जंगलात झाडांखेरीज मुंग्या असतात, बुरशी असते, बेडूक, वटवाघळे, धनेश, माकडे आणि वाघही असतात. हे सगळे परत येतात का, आणि यायचे तर त्यांना काय लागते, हे या लेखात सांगायचे आहे. भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी कर्नाटकातील कुद्रेमुख हा विषय घेतला होता. तेथूनच सुरुवात करतो.

कुद्रेमुखची गोष्ट

कन्नडमध्ये 'कुदुरे' म्हणजे घोडा. चिक्कमगळूरु जिल्ह्यातील हे शिखर घोड्याच्या तोंडासारखे दिसते, म्हणून त्याचे नाव कुद्रेमुख. याच डोंगररांगेत गंगामूळ येथे तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या उगम पावतात. तुंगा आणि भद्रा पुढे एकत्र येऊन तुंगभद्रा होते आणि कृष्णेला मिळते. म्हणजे या डोंगरावरची माती कोकणच्या बाजूला आणि देशाच्या बाजूला, अशी दोन्हीकडच्या पाण्याशी जोडलेली आहे.

या डोंगरात मॅग्नेटाइट हे लोहखनिज आहे. ते काढण्यासाठी १९७६ साली सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय आपल्या बेंगळुरूत आहे. डोंगर वरून खोदायचा, दगड दळायचा, लोखंडाचा भाग वेगळा करून पाण्याबरोबर नळाने थेट मंगळुरूला पाठवायचा, अशी पद्धत होती. उरलेला बारीक गाळ लक्या नावाच्या सुमारे १०० मीटर उंचीच्या धरणामागे साठवला गेला. १९८७ साली आजूबाजूचे सुमारे ६०० चौरस किलोमीटर जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे निवृत्त वनाधिकारी के. एम. चिन्नप्पा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २००२ रोजी निकाल दिला आणि २००५ च्या अखेरीस खाण थांबली.

यंत्रे थांबवायला एक हुकूम पुरतो. प्राणी मात्र हुकमाने येत नाहीत. त्यांना काय लागते ते आता क्रमाने पाहू.

१. वरची माती

खाणीत सर्वांत आधी जाते ती वरची वीतभर काळी माती. तिच्यात झोपलेली बीजे, मुळांना मदत करणारी बुरशी, गांडुळे आणि मुंग्या असतात. ती गेली की उरतो मुरूम आणि दगड, आणि त्यावर लावलेले रोप पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकते.

ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या जंगलात ट्रॉम्बेटास येथे बॉक्साइटची खाण आहे. तेथे खोदण्यापूर्वी वरची माती बाजूला काढून ठेवतात आणि काम झाले की पुन्हा पसरतात. त्यावर स्थानिक झाडांच्या अनेक जाती एकत्र लावतात. दहा-बारा वर्षांत तेथे सावली देणारे रान उभे राहिलेले अभ्यासकांना दिसले. लावलेल्या झाडांखेरीज आपोआप उगवलेली झाडेही त्यात होती. ती कोणी लावली, हे पुढच्या मुद्द्यात येते.

२. बी वाहणारे

उष्ण प्रदेशातील जंगलात बहुतेक झाडांची फळे प्राणी खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. बुलबुलासारखे छोटे पक्षी आणि वटवाघळे लहान बी आणतात, आणि ती उघड्या जागेवरही येतात. जांभळाएवढे किंवा त्याहून मोठे बी मात्र धनेश, उदमांजर, माकड अशा मोठ्या प्राण्यांनाच वाहता येते. ट्रॉम्बेटासमध्येही मोठ्या बियांची झाडे मागे पडलेली आढळली.

येथे एक पेच आहे. मोठा प्राणी मोठ्या झाडाशिवाय येत नाही आणि मोठ्या बीचे झाड त्या प्राण्याशिवाय येत नाही. धनेशाला घरटे करायला जुन्या झाडाची ढोली लागते. कुद्रेमुखच्या जंगलातील सिंहपुच्छ माकड फक्त पश्चिम घाटात सापडते. त्याचे आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर जाते आणि ते सहसा जमिनीवर उतरत नाही. त्याच्या दृष्टीने उघडा पडलेला डोंगर म्हणजे भिंतच. म्हणून खाणीशेजारचे जुने जंगल टिकवणे हे लागवडीइतकेच महत्त्वाचे आहे. बी तेथूनच येते, आणि प्राणीही.

३. वेळ

दक्षिण आफ्रिकेत रिचर्ड्स बे येथे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून खनिज काढतात. १९७७ पासून तेथे एकेक पट्टा खोदून झाला की त्यावर पुन्हा रान उभे करतात. त्यामुळे वेगवेगळ्या वयाची रानं एकाशेजारी एक पाहायला मिळतात. शास्त्रज्ञांनी तेथील पक्षी, उंदीर आणि वाणी किडे वर्षानुवर्षे मोजले. रान जितके जुने तितक्या जाती जास्त, असे दिसले. पण तीसेक वर्षांनंतरही दाट जंगलातच राहणाऱ्या काही जाती आलेल्या नव्हत्या. आज लावलेले जंगल पाहायला आपण काका-मामांच्या वयाचे झालेलो असू.

४. योग्य झाड, योग्य जागा

गोव्यात लोहखनिजाच्या खाणींतील टाकाऊ मातीचे मोठे ढिगारे आहेत. त्यांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया मोठ्या प्रमाणावर लावली गेली. ती निकृष्ट मातीत लवकर वाढते आणि पावसाळ्यात ढिगारा घसरू देत नाही, हा तिचा खरा उपयोग. पण तिची पाने लवकर कुजत नाहीत आणि फळे खाणाऱ्या पक्ष्यांना तिच्याकडून फारसे काही मिळत नाही. तिच्या आडोशाला पुढे स्थानिक झाडे लावली नाहीत तर गोष्ट तेथेच थांबते.

कुद्रेमुखला आणखी एक अडचण आहे. तेथे घळीत दाट शोला जंगल आणि उतारावर उघडे गवत, अशी निसर्गाचीच रचना आहे. त्या गवताळ उतारांवर झाडे लावली तर ती दुरुस्ती होत नाही, उलट गवतावर जगणाऱ्या प्राण्यांचे घर जाते. रिकामी दिसणारी प्रत्येक जागा रिकामी नसते.

सैन्याची कामगिरी

कॅडेट म्हणून मला सर्वांत अभिमानाची वाटली ती प्रादेशिक सेनेच्या इकॉलॉजिकल बटालियनांची माहिती. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर पांढरे पडले होते. तेथे काम करण्यासाठी १९८२ साली गढवाल रायफल्सशी संलग्न १२७ वी बटालियन उभी राहिली. तिचे बहुतेक जवान त्याच भागातील माजी सैनिक होते. महाराष्ट्रातही महार रेजिमेंटशी संलग्न अशी १३६ वी बटालियन छत्रपती संभाजीनगरात काम करते.

दिल्लीच्या दक्षिणेला भाटी येथे दगड आणि लाल वाळूच्या खाणी होत्या. १९९० नंतर त्या बंद झाल्या आणि ती जागा असोला भाटी अभयारण्यात आली. तेथे २००० सालापासून राजपूत रेजिमेंटशी संलग्न १३२ वी बटालियन झाडे लावत आहे. वेडी बाभूळ तेथे अजूनही माजलेली आहे, म्हणजे काम संपलेले नाही. तरी मुंबईच्या बीएनएचएस या संस्थेने वनखात्याबरोबर कॅमेरे लावून पाहणी केली तेव्हा तेथे किमान आठ बिबटे आढळले. अभयारण्य हरियाणातील अरवलीच्या जंगलाला जोडलेले आहे, त्यामुळे बिबट्यांना यायला वाट होती. दुसऱ्या मुद्द्यात सांगितले ते येथे प्रत्यक्ष दिसते.

आपण काय मोजतो?

दर पावसाळ्यात आपण शाळेत रोपे लावतो आणि किती लावली हा आकडा फलकावर लिहितो. माझी सूचना एवढीच की त्याखाली आणखी दोन ओळी असाव्यात: गेल्या वर्षीची किती जगली, आणि त्यांवर कोण आले? मुंगी, फुलपाखरू, सरडा, पक्षी, जे दिसेल ते तारखेसह लिहायचे. प्रत्येक हाउसने मैदानाकडेचा एक कोपरा वाटून घेतला तर रविवारचा अर्धा तास पुरेल. रोपे निवडताना जांभूळ, उंबर, करंज अशी इथली झाडे घ्यावीत. सुटीत घरी गेल्यावर पालकांबरोबर गावाजवळच्या जुन्या दगडखाणीतही हीच पाहणी करता येईल.

ठाणे घेणे वेगळे आणि ते राखणे वेगळे, असे आपल्याला शिकवतात. झाड लावणे हे पहिले काम. पक्षी स्वतःहून त्यावर येऊन बसेपर्यंत आणि त्याने आणलेले बी रुजेपर्यंत लक्ष ठेवणे हे दुसरे, आणि त्याला चिकाटी जास्त लागते.